शेकडा आठ आणे

शरणबसप्पानं लोहाऱ्यातलं घर बँकेकडं तारण ठेवलं ते बायकोच्या दुखण्यापायी. इरम्मा काही वाचली नाही, कर्ज तेवढं मागं राहिलं. जुन्या साहेबानं भरल्या कचेरीत शब्द दिला होता, "दर महिन्याच्या शुद्ध पंचमीच्या आत हप्ता आणा, व्याज शेकडा आठ आणे. चुकलात तर बारा." गड्यानं एक पंचमी चुकवली असेल तर शपथ! तरी पावतीवर दर महिन्याला बारा आणेच.

घोळ असा, की साहेब बदलून गेला आणि नवे कारकून कल्याणप्पा निजाम सरकारच्या फसली सनातल्या महिन्याची पाच तारीख धरून बसले. फसली महिन्याला कुठली आलीय तिथी! आपली पंचमी तिकडं कधी बाराला उगवायची, कधी विसाला.

"कल्याणप्पा, शब्द पंचमीचा व्हता."

"शब्द दफ्तरात न्हाय, अप्पा. अर्ज द्या."

अर्ज दिला. तो परत आला, कारण वर फसली तारीख नव्हती. म्हाताऱ्यानं अर्ज लिहिणाऱ्याला दोन आणे मोजून फसली तारीख घालून घेतली. त्यावर शेरा पडला: 'अर्जदारास फसली तारीख उत्तम कळते, सबब दर बारा आणे.' घ्या! आता डोकं कुठं आपटावं?

मग दर सोमवारी महादेवाला बेल वाहिला की शरणबसप्पा बँकेच्या बाकावर हजर. तासभर भांडायचा. कल्याणप्पा वैतागायचे, पण चहा सांगायचे. घरी पोर ना बाळ. भाकरी थापायची, एकट्यानं खायची आणि सोमवारची वाट बघायची. आठवड्यात त्याच्याशी चार शब्द बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि हे त्याला फार लागायचं.

अशी तीन वर्षं गेली. एकदा हैदराबादेहून तपासणीचा साहेब आला. निम्म्या गावाची तीच रड ऐकून त्यानं कल्याणप्पांना फैलावर घेतलं. बँकेनं जादा घेतलेलं व्याज मुद्दलीत वळतं केलं, तर शरणबसप्पाची उरलेली मुद्दलच फिटली.

"जितलात, अप्पा!" घराचा कागद हातात देत कल्याणप्पा म्हणाले. "घर सुटलं. आता हेलपाटं न्हाईत."

शरणबसप्पानं कागद घेतला. उठला, दारापर्यंत गेला आणि परत येऊन बाकावर बसला.

"कल्याणप्पा, घर परत तारण ठिवून घेता का?"

"आता कशाला पैसं पायजेत?"

"पैसं नगंत मला. नुसता हप्ता लावा."

कल्याणप्पांनी टाक खाली ठेवला. म्हाताऱ्याकडं बघता बघता त्यांचा आवाज उतरला. "आन् दर वो, अप्पा? आठ आणं?"

"छ्या! बाराच लावा," शरणबसप्पा घाईनं म्हणाला. "आठ लावला तर म्या भांडायला कशाला यीन?"