महाराजांची जांभळी जीभ आणि साठ कलमे

श्रीगणेशाचे पायी मस्तक ठेविले. सांगणारा अडाणी, ऐकणारे शहाणे, चुकले ते पोटात घालावे. शके पंधराशे अठ्ठ्याण्णव, श्रावणमास. एक राज्य होते, नाव सांगत नाही, उगा कोणाचे पोट दुखायला नको. तेथील महाराज थोर, पण संशयी ऐसे की आरशातला माणूस आधी मुजरा करतो का, हे पाहूनच पागोटे बांधीत. सरकारी बागेत फिरंगी द्राक्षवेल गोड, परंतु दरसाल पानांवर पांढरी भुरी पडून मरे, आणि डोंगरातली रानवेल आंबट, परंतु मरता मरेना. मग सिदोजी माळी याणी रानवेलीचे केसर फिरंगी फुलावर झाडिले, बी रुजविले, आणि पाचवे वर्षी काळे घड आले, आतला गरसुद्धा लाल. त्याची दारू करून दरबारी पाठविली. मग खल जाहला की ही आपली की फिरंग्यांची, आणि दिवाणजी म्हणाले, दोन घरचा पाहुणा उपाशी, पण दोन घरचा हेर पोटभर जेवतो. महाराजांनी चाखणाऱ्यास पाजली, तो हसू लागला, तेणे शक वाढला. मग स्वतः पेला घेतला आणि आरशात पाहतात तो जीभ जांभळी. विष म्हणोन धारोजी हवालदारास फर्माविले, "माळ्याकडे जा. कलम करा." मनात माळ्याची मान होती, पण घाबरल्या जिभेला तेवढेच जमले.

हवालदार बागेत आला आणि तोच हुकूम जसाच्या तसा बोलला. सिदोजीने तलवारीकडे पाहिले, समजायचे ते समजला, आणि म्हणाला, "करतो की. कशावर बांधू, हवालदार? रानवेलीच्या खुंटावर झ्याक धरंल." हवालदाराने विचार केला, हुकमात मान हा शब्द नाही, आणि परत विचारावे तर महाराज माझ्यावरच शक घेतील. मग काड्या छाटायला तलवारच पुढे केली.

तिसरे दिवशी जीभ गुलाबी जाहली आणि महाराजांस माळ्याचे फार वाईट वाटले, पण बोलणार कोणास? महिन्याने बागेत आले, तो सिदोजी उभा, मान जागच्या जागी.

"हुकमाचं काय केलंस?"

"साठ कलमं केली, सरकार. समदी धरली."

महाराज मान दोन्ही बाजूंनी पाहून म्हणाले, "यापुढं पहिला पेला तू प्यायचा. माझ्यासमोर." मग बारा वर्षे तैसेच चालले, आणि म्हातारपणी महाराज म्हणाले, सिदबा, आता विश्वास बसला, पहिला पेला राहू दे. सिदोजीने पेला दोन्ही हातांनी धरिला आणि म्हणाला, "येवढा विश्वास बरा नव्हं, सरकार."

ऐसी हकिगत. वेल तगली, मान तगली, शक दोघांनी मिळून जपला. सांगणाऱ्याची जीभ जांभळी दिसते, ती जांभळे खाल्ल्याने.