राजश्री हरिपंत खांबेटे यांणीं शिवेवर नारळ वाढविला त्याची हकीकत

श्रीगजाननासी दंडवत घालून, वाचणाराचें मन थाऱ्यावर असो ऐसें प्रार्थून, घडलें तें लिहितों. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक मासीं राजश्री हरिपंत खांबेटे सहकुटुंब मोटारींत स्वार होऊन परमुलखीं निघाले. कारण ऐसें कीं, पंतांची कन्या मृदुला हिणें बापास न पुसतां परमुलखींच्या मुलाशीं लग्न केलें, पंत कोपले, बोलणें टाकिलें, आणि मग वर्षांमागें वर्षें गेलीं, आणि आतां कन्येस मुलगी जाहली, बारशास या म्हणून फोन आला. पंत "बघूं" म्हणाले आणि लगेच जाऊन पेट्रोलची टाकी भरून आले.

शिवेवर स्वदेशच्या ठाण्यांत पासपोर्टांवर शिक्के उमटले, आणि मग पुढें पांढरा दगड लागला तेथें पंत मोटार थांबवून उतरले. शीव ओलांडतां नारळ वाढवावा हा खांबेट्यांचा रिवाज. पंतांनीं दगडावर नारळ आपटिला तों एक भकल स्वदेशीं राहिलें, दुसरें गडगडत परमुलखीं गेलें. स्वदेशचे जकातदार धांवत आले, "अर्धा नारळ बाहेर गेला, परवाना कोठें?" परमुलखींचे नाकेदार शिटी फुंकीत आले, "आमच्याकडे फळांस बंदी आहे, परत न्या!" जकातदार म्हणाले, "परत आणाल तर आयात होईल." पंत भकल उचलावयास वांकले, तों दोन्ही दौलती ओरडल्या, "हात लावूं नका, मुद्देमाल आहे!" मग भकलांभोंवतीं खडूनें रिंगण काढिलें, आणि पहारे बसले, आणि दोन्ही राजधान्यांस फोन गेले, एकीकडे सुट्टी, दुसरीकडे साहेब जेवावयास गेलेले. मागें ट्रकांचे भोंगे वाजूं लागले, तेव्हां खलबत होऊन ठरलें कीं मुद्देमाल नष्ट करावा, आणि खाऊन नष्ट करावा. कोण्या ट्रकवाल्यानें गूळ दिला, मग उभय सरकारांनीं खोबरें खादलें, आणि अडसर उचलला.

तों पंतांनीं डिकींतून दुसरा नारळ काढिला. म्हणाले, "पहिला कुजका निघाला, अपशकुन जाहला." जकातदार मटकन खालीं बसले. तेव्हां कुटुंब सरलाबाई बोलल्या, "अहो, कुजका कसला? मीं खाल्लाय. सरळ सांगा ना, लेकीपुढें उभं राहायची छाती होत नाहीं." खरें तेंच होतें. खोळंबा जितका वाढला तितका पंतांस जीव भांड्यांत पडल्यागत होत होतें. मग बाईंनीं मोटारीचें चाक हातीं घेतलें, परमुलखींच्या कायद्याप्रमाणें उजव्या अंगानें मोटार हांकिली, आणि पंत काखेंत नारळ मारून मागें धांवले, आणि पंतांमागें नाकेदार धांवले, आणि त्यांणीं पळतां पळतांच नारळ हिसकिला व पासपोर्टावर शिक्का मारिला.

कन्या दारांत तान्ही मुलगी घेऊन उभी होती. म्हणाली, "बाबा, किती उशीर?"

पंत म्हणाले, "नाक्यावर अडकलों होतों."

"इतकीं वर्षं?"

 पंतांचे हात रिकामे होते, त्यांत कन्येनें नात ठेविली.

सारांश, मोहीम फत्ते जाहली, तोफा जाहल्या नाहींत. पंत रडले, नात निजलेली होती. इतकीच हकीकत.