तीन ट्यूनर आणि एक खरखर

मिरजोळ्यात गुन्हे कमी घडतात, याचं श्रेय लोक पोलिसांना देतात. मी वाद घालत नाही. आंब्याच्या कॅनिंग कारखान्याच्या गेटवर कामगारांच्या पिशव्या तपासण्यात माझी हयात गेली. आत डबा आहे की छत्री, हे मी पिशवी न उघडता सांगत असे, आणि उघडल्यावर टॉवेल निघाला तरी खचून जात नसे. निवृत्तीनंतर ही बुद्धी गंजू नये म्हणून मी, भागोजी, खासगी तपास सुरू केला. वाडीतली हरवलेली शेळी मीच शोधली. ती गोठ्यातच होती, हा भाग वेगळा.

महिपतदादांचं प्रकरण मात्र नाजूक होतं. नोकरी संपवून दादा मुंबईहून कायमचे घरी आले, ते एक अ‍ॅम्प्लिफायर आणि कमरेएवढे दोन स्पीकर घेऊन. रेडिओ लावायला लागणारा ट्यूनर तेवढा नव्हता. त्यातच आकाशवाणीने त्यांच्या बायकोला, सोनूवहिनींना, बोलावून परसातल्या भाज्यांवर त्यांची मुलाखत रेकॉर्ड केली. शुक्रवारी दुपारी ती एकदाच लागणार होती, आणि ती त्या स्पीकरांवरच ऐकायची, असं दादांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"मोबाईलवरही लागेल," मी सुचवलं.

"जलम गेला तिला फोनवर आयकण्यात," दादा म्हणाले. "आता घरात बसून पुना फोनवरच आयकू?"

बाजारातल्या रशीदभाईंनी तीन ट्यूनर पसंतीला दिले. एक चंदेरी, रिमोटवाला. एक काळा, हिरव्या आकड्यांचा. तिसरा जुना, लाकडी पेटीतला, मोठं गोल बटण फिरवायचा. यातला कोणता ठेवायचा हे ठरवायला मला बोलावलं गेलं. म्हणजे मी अंगणातून जात होतो आणि दादा 'या' म्हणाले.

मी गेलो, बोर्डावर मोबाईल चार्जिंगला लावला, चहा घेतला आणि चंदेरी ट्यूनर सुरू करायला सांगितला. निवेदिका 'नमस्कार' म्हणाली असावी. ऐकू आली ती पापड तळल्यासारखी खरखर.

"दादा," मी म्हणालो, "हा घातपात आहे. माझ्या गैरहजेरीत कुणीही याला हात लावायचा नाही. हे आता घटनास्थळ आहे."

"घटनास्थळावरचा केर काडू का नको?" वहिनींनी विचारलं. केराला मी परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. मोबाईल लावला, चहा घेतला, काळा ट्यूनर तपासला. खरखर. लाकडी तपासला. तीच. मी तडक रशीदभाईंचं दुकान गाठलं.

"माझ्याकडं तिन्ही गातात, भाऊ," रशीदभाई म्हणाले. "ट्यूनर बदलून काय व्हणार? आजूबाजूला काय असतं ते बघा."

"आजूबाजूला मी असतो," मी बाणेदारपणे म्हणालो.

रशीदभाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग गिऱ्हाईक आलं.

साक्षीदार मालकासमोर गातात आणि आमच्यासमोर कच खातात, याचा अर्थ उघड होता: त्यांच्यावर दबाव होता. कुणाचा, तेही मी हेरलं. स्वयंपाकघरातला बोर्ड जळाल्यापासून वहिनींचा मिक्सर बाहेरच्या खोलीत, ट्यूनरच्याच बोर्डावर लागत असे. मी मिक्सरवर बंदी घातली.

"मंग वाटान कशावर करू?" वहिनी म्हणाल्या. "तुमच्या डोक्यावर?"

घरातल्या पाट्यावर पाण्याचं पिंप उभं होतं. दादा मुकाट्याने कुळथाची पिठी आणि भात जेवू लागले, आणलेली सुरमई वाटणावाचून फ्रीजमध्ये पडून राहिली. खरखर मात्र गेली नाही. मग मिरकरवाडा बंदरातल्या होड्या वायरलेसवर बोलत असणार, असा माझा संशय बळावला आणि फणसावर बांधलेल्या एरियलचं तोंड समुद्राकडून फिरवायला मी दादांना वर चढवलं. त्यांना मुंगळे चावले. तपासाची एवढीच प्रगती झाली.

शुक्रवार उजाडला. दादा इस्त्रीचा शर्ट घालून स्पीकरांसमोर बसले होते. मी मोबाईल लावला, चहा घेतला, लाकडी ट्यूनर सुरू केला. खरखर. कार्यक्रमाची वेळ झाली. खरखर. दादांचा चेहरा उतरला.

"गेला," ते म्हणाले. "आता काय पुना लागायचा नाय."

आतून वहिनी मिक्सर उचलून आल्या. "मुलाखत नाय तर नाय. ती सुरमई तरी पोटात जाऊ दे," असं म्हणत त्यांनी जागा करायला माझा चार्जर उपटला.

आणि दोन्ही स्पीकरांतून, खणखणीत, सोनूवहिनीच बोलू लागल्या: "...लाल माठाला पानी सांजचं घालाचं."

वहिनींनी चार्जर परत लावला. खरखर. काढला. माठ.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "ह्यो तुमचा घातपात."

तो चार्जर मी एसटी स्टँडबाहेर घेतला होता. स्वस्त होता. मी काही म्हणणार, तेवढ्यात दादांनी हात वर करून मला गप्प केलं.

"एवढी बाग एकटीने करताना कंटाळा नाही येत?" रेडिओवरच्या बाईंनी विचारलं.

"कंटाळा कसला? घरवाला मुंबैला. बोलाचं कुनाशी? मंग माठाशी बोलाचं, दुधीशी बोलाचं. आयकतात बिचारी."

रेडिओवरच्या बाई हसल्या. दादा हसले नाहीत.

"ह्या मना कधी बोललीस नाय," ते म्हणाले.

"फोनवर मिनटं पळत व्हती," वहिनी म्हणाल्या. "भात लावला, गाय व्याली, येवढ्यातच संपत."

मला वाईट वाटलं. कशाचं, ते कळायला तपास लागला नाही.

मुलाखत संपली. लाकडी ट्यूनर ठेवायचा, हे वहिनींनीच ठरवलं. त्याचं बटण ओल्या हातानेही फिरत होतं. मग त्यांनी मिक्सरचा प्लग उचलला.

"थांब," दादा म्हणाले. त्यांनी ट्यूनर बंद केला आणि शेजारची खुर्ची ओढली. "बस हितं. बोल."

"काय बोलू?"

"माठाला काय सांगायचीस, ता."

वहिनींनी पदराला हात पुसले आणि बसल्या. मी चार्जर खिशात घालून अंगणात आलो. सुरमईला आज उशीर होणार, असा निष्कर्ष मी काढला, आणि या प्रकरणातला माझा तेवढा एक निष्कर्ष बरोबर निघाला.