माफीला चौऱ्याण्णव गुण

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता एका मुद्रितशोधकाने आपल्या थोरल्या बहिणीला नऊ ओळींचा ईमेल पाठवला आणि दहा वाजून सोळा मिनिटांनी इंटरनेट कंपनीने तो सुरक्षिततेच्या कारणास्तव अडवला. मधल्या एका मिनिटात नेमकी कोणती चौकशी झाली, हे कंपनीने आजतागायत जाहीर केलेलं नाही.

मुद्रितशोधक एकसष्ट वर्षांचा होता. छापायला जाणाऱ्या पुस्तकांतल्या चुका काढणं हे त्याचं काम, आणि ते तो सुट्टीच्या दिवशीही करत असे. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, बायकोने केलेली सामानाची यादी, काहीच त्याच्या तावडीतून सुटत नसे. अकरा वर्षांपूर्वी ताईने हौसेने स्वतःच्या कवितांचं अठ्ठेचाळीस पानांचं पुस्तक काढलं आणि पहिली प्रत भावाला पाठवली. त्याने आठवड्याच्या आत चार पानांचं शुद्धिपत्र धाडलं. त्यात शेवटी 'बाकी कविता ठीक' असंही लिहिलं होतं, पण तिथपर्यंत ताई पोहोचली नसावी. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

मग एक दिवस चुलतभावाचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पांत त्याने सहज सांगितलं की ताई घर विकून अठ्ठावीस तारखेला मुलीकडे परदेशात चालली आहे, कायमची. मुद्रितशोधकाने सहज विचारल्यासारखं करून तिचा ईमेल पत्ता मागून घेतला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. बायकोने सुचवलं, सरळ फोन करा. त्यावर तो म्हणाला की फोनवर माफी मागायची तर समोरचा माणूस मधे बोलतो. बायकोने भाजी निवडायला घेतली. तिच्या गाठीशी बत्तीस वर्षांचा अनुभव होता.

त्या नऊ ओळी लिहायला त्याला चार दिवस लागले. 'प्रिय ताई' अशी सुरुवात, मग 'माझी चूक झाली', मग 'तू जाण्यापूर्वी एकदा भेटावं, असं फार वाटतं'. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. उत्तर आलं ते कंपनीचं: 'आपला संदेश प्राप्तकर्त्याच्या सुरक्षेसाठी अडवण्यात आला आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल आभारी आहोत.' शेवटच्या वाक्यावर त्याचा हात लाल पेनाकडे गेला, पण पडद्यावर खूण करायची सोय नव्हती.

कंपनी बदलावी, तर त्या भागात दुसरी कंपनी नव्हती. ताईचं इंटरनेटही हिचंच होतं. आपलंच काहीतरी चुकलं असेल असं समजून त्याने दुसऱ्या दिवशी माफी नव्याने लिहिली. ती अडवली. तिसऱ्या दिवशी आणखी साधी लिहिली. ती अडवून कंपनीने त्याचा पत्ताच निरीक्षणाखाली घेतला. त्यामुळे मधुमेहावरच्या एका पुस्तकाचं तपासून दिलेलं चौथं प्रकरण प्रकाशकाकडे पोहोचलंच नाही आणि प्रकाशकाने फोन करून, तब्येत बरी आहे ना, असं मुद्दाम काळजीच्या सुरात विचारलं. तरी मुद्रितशोधक रोज सकाळी नेमाने माफी लिहीत राहिला. दुसरं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं.

आठव्या दिवशी तो कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्रात गेला. तिथे रांगेने स्टीलच्या खुर्च्या होत्या, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड होतं आणि त्या झाडाला पाणी घालू नये अशी पाटी होती. दीड तासाने त्याचा नंबर लागला. काचेपलीकडची सुरक्षा अधिकारी वयाने त्याच्या मुलीसारखी होती आणि वागायला अतिशय नम्र होती. तिने त्याचं खातं उघडलं.

"तुमच्या पहिल्या संदेशाला शंभरपैकी चौऱ्याण्णव पडलेत, काका," ती म्हणाली.

शाळेत त्याला कशातच एवढे पडले नव्हते. क्षणभर त्याला बरं वाटलं. हे गुण संशयाचे आहेत, असा खुलासा तिने मागाहून केला.

मग तिने एकेक मुद्दा शांतपणे समजावून सांगितला. अकरा वर्षांत या पत्त्यावर तुम्ही एकही संदेश पाठवलेला नाही आणि एकदम 'प्रिय'? तिथेच तीस गुण पडले. त्यात पुन्हा चूक कबूल केलेली. कंपनीने कोट्यवधी संदेशांचा अभ्यास केला आहे. स्वतःहून चूक कबूल करणारा माणूस पुढच्या तीन ओळींत काहीतरी मागतोच.

"मी फक्त भेट मागितली आहे," तो म्हणाला.

"बघा," ती म्हणाली आणि तिने पडद्यावर कुठेतरी खूण केली.

राहिलेले गुण स्वल्पविरामांचे होते. खरी माणसं स्वल्पविराम देत नाहीत, असं अभ्यासात आढळलं होतं. इतकं शुद्ध लिहिणारं एक तर यंत्र असतं, नाहीतर ठग. मुद्रितशोधकाने खिशातून ओळखपत्र काढलं आणि आपण यंत्र नसून भाऊ आहोत, असं निक्षून सांगितलं. तिने ते नोंदवून घेतलं. मात्र कंपनीच्या नियमाप्रमाणे ज्या नात्यात नव्वद दिवस दुहेरी देवाणघेवाण होत नाही ते नातं आपोआप रद्द होतं. ते चालू करायचं असेल तर दोघांनी एकमेकांना एकेक संदेश पाठवायचा असतो.

"पण माझा संदेश जातच नाही."

"त्याचीच तक्रार करायची. ईमेलने."

घरी येऊन त्याने तक्रार केली. तिची सुरुवात 'महोदय' अशी होती. कंपनीच्या तक्रार विभागाला त्या तक्रारीपासून कंपनीने वाचवलं. गुण सत्त्याण्णव.

या सगळ्या दिवसांत त्याच्याकडे बाहेरून येणारे काही संदेश मात्र बिनबोभाट येत होते. त्यांतल्या एकात लिहिलं होतं: 'अभीनंदन!! तुम्हि जिकंला आहे दोन दाराचा फ्रिज त्वरीत कळवा नाव पत्ता जन्मतारिख'. मुद्रितशोधकाने तो दोनदा वाचला. आठवडाभर प्रकाशकाचं काम ठप्प होतं आणि त्याचा हात नुसता शिवशिवत होता. एवढ्याशा मजकुरात एवढ्या चुका पाहून त्याला राहवेना. त्याने सगळा मजकूर दुरुस्त केला, खाली 'त्वरित' हा शब्द ऱ्हस्व का, याची दोन ओळींची टीप जोडली आणि तो उलट पाठवला. तो तत्काळ गेला. फ्रीजवाल्याने आधी लिहिलं होतं आणि याने उत्तर दिलं होतं. देवाणघेवाण दुहेरी झाली होती. कंपनीच्या लेखी हे नातं जिवंत होतं.

फ्रीजवाल्याने आभार मानले आणि आणखी सहा मजकूर पाठवले. मुद्रितशोधकाने तेही तपासून दिले. दोन दिवसांनी फ्रीजवाल्याचं काकुळतीचं पत्र आलं. सर, तुम्ही चुका काढल्यापासून आमचा एकही संदेश पुढे सरकत नाही, धंदा बसला, तेवढ्या चुका परत घालून द्याव्यात ही विनंती.

तेव्हा मुद्रितशोधकाचा बांध फुटला. त्याने या अनोळखी ठगाला सगळी हकीकत लिहिली: ताई, शुद्धिपत्र, अठ्ठावीस तारीख, चौऱ्याण्णव गुण. अर्ध्या तासात उत्तर आलं. त्यात पहिला प्रश्न होता, 'ताइंची तबेत कशि आहे'. दोन आठवड्यांत कोणीही हे विचारलं नव्हतं. मुद्रितशोधकाने चष्मा काढून पुसला.

फ्रीजवाल्याने आपण होऊन मदत देऊ केली. मजकूर आमच्याकडे द्या, आमच्या संदेशांबरोबर जाईल, मोबदला नको. फक्त लिहायचं आमच्या पद्धतीने. मुद्रितशोधक दिवसभर येरझारा घालत राहिला आणि संध्याकाळी टेबलाशी बसला. त्याने सगळे स्वल्पविराम काढून टाकले. 'ताई'चं 'ताइ' केलं. वर 'अभीनंदन!!' घातलं आणि त्याखाली फ्रीज. 'माझी चुक झालि' हे त्याने दोनदा दुरुस्त केलं आणि दोनदा पुन्हा बिघडवलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्याने स्वतःच्या हाताने चुका घातल्या त्या एवढ्याच.

संदेश निर्वेध पोहोचला. संशयाचे गुण तीन.

चार दिवस झाले, ताईचं उत्तर नाही. पंचवीस तारखेला बायकोने त्याच्यापुढे भरलेली पिशवी ठेवली आणि सांगितलं की आता तुमचे ठगसुद्धा थकले, तेव्हा तुम्हीच जा. तो सकाळच्या बसने निघाला. पाच तासांच्या प्रवासात त्याने माफी मनात पाठ केली, आणि ताई मधे बोललीच तर पुन्हा कुठून सुरू करायची त्या जागाही ठरवून ठेवल्या.

ताईने दार उघडलं. तिचे केस पूर्ण पांढरे झाले होते. खोलीत खोकी रचली होती आणि भिंतींवर तसबिरी काढल्याच्या चौकोनी खुणा होत्या. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "चपला बाहेर काढ, आत्ताच पुसलंय." मग तिने पाणी दिलं आणि तो काही बोलायच्या आत कॉम्प्युटर सुरू केला.

कंपनी तिला रोज सकाळी सुरक्षा अहवाल पाठवत होती. 'आज आम्ही आपल्याला एका भावापासून वाचवले.' असे अठरा अहवाल होते आणि प्रत्येकाखाली अडवलेली माफी जशीच्या तशी जोडलेली होती. शेजारी दोन बटणं होती, 'ओळखीचे' आणि 'अनोळखी'. दोन्हींपैकी एकही कधी दाबलेलं नव्हतं.

"तू हे सगळे वाचलेस?"

"रोज. चहा घेताना."

"मग ओळखीचे म्हणून बटण का नाही दाबलंस?"

ताई खिडक्यांवरून काढलेल्या पडद्यांच्या घड्या करत होती. हातातली घडी पुरी करून ती म्हणाली, "दाबलं असतं तर एकच माफी मिळाली असती. ते अडवत होते तोवर तू रोज नवी लिहीत होतास. सातवी फार सुरेख जमली होती रे."

त्याने पुढच्या पडद्याचं एक टोक धरलं. मग चाचरत विचारलं, की एक फ्रीजचाही आला असेल. ताईचा चेहरा उजळला. त्याला तिने त्याच दिवशी उत्तर दिलं होतं. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं कळवलं होतं, आणि फ्रीज अठ्ठावीसच्या आत पाठवा, घर घेणाऱ्याला बरोबर देऊन टाकते, असंही लिहिलं होतं. फ्रीजच्या खाली काय आहे ते तिने वाचलंच नव्हतं. ते भावाने लिहिलं होतं हे कळल्यावर ती आधी रागावली आणि मग पडद्यांच्या ढिगावर बसून हसत सुटली. तोही हसला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

हसणं ओसरल्यावर ताई हळूच म्हणाली, "मीही तुला लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी. तुझ्या गावी आले होते, स्टेशनवर दोन तास तुझी वाट पाहत बसले."

त्याला काहीच मिळालं नव्हतं. त्याने तिथेच स्वतःचं खातं उघडलं आणि बऱ्याच शोधाशोधीनंतर खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'अडवलेले' असा कप्पा सापडला. रोजचा अहवाल मागवावा लागतो, तो त्याने कधी मागवला नव्हता; हा कप्पा प्रत्येक ग्राहकाला न मागता मिळतो. किती ग्राहक तो उघडून पाहतात, हे मात्र कंपनी सांगत नाही. ताईचं पत्र त्यात नव्हतं. 'तीस दिवसांपेक्षा जुने संदेश आपल्या सोयीसाठी नष्ट करण्यात येतात', असं तिथे लिहिलं होतं. काय लिहिलं होतंस, असं त्याने विचारलं. आता आठवत नाही, असं सांगून ताईने घडी घातलेलाच पडदा पुन्हा उलगडून घडी घातली.

कप्प्यात एकच संदेश उरला होता, बरोबर तीस दिवसांचा. फक्त पहिली ओळ दिसत होती: 'मित्रा, त्या वेळी माझंच चुकलं, एकदा येऊन जाशील का'. छापखान्यात आठ वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसाचा होता तो. एका प्रकरणाच्या मथळ्यावरून दोघांचं बिनसलं, त्यालाही आता चौदा वर्षं झाली होती.

ताईने वाकून पाहिलं. "कोण रे हा?"

त्याने सांगितलं.

"आणि आत्ताच बरी आठवण झाली?"

"तेच ना. काहीतरी काम काढलं असेल."

"काढलंच असणार. आपण होऊन इतकं गोड कोण बोलतं? उगाच उघडू नकोस बाबा, नंतर निस्तरत बसशील."

त्याने उघडला नाही. कॉम्प्युटर बंद करून दोघं भाऊबहीण खोक्यांना चिकटपट्टी लावायला लागले, आणि तिच्या सामानावर नाव घालताना त्याने तिची एक वेलांटी न सांगता दुरुस्त केली. तिने पाहिलं आणि पुढचं खोकं त्याच्याकडे सरकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुदत संपून तो संदेश ग्राहकाच्या सोयीसाठी नष्ट झाला. संदेश अडवणाऱ्या फिल्टरने या बाबतीत काही चूक केली, अशी एकाही ग्राहकाची तक्रार कंपनीकडे आलेली नाही.