डोळ्यांचा उपास

रक्त तपासायला उपाशीपोटी यायचं असतं. आमच्या चामोर्शीच्या गिरजाबाई डोळ्यांनीही उपाशी येतात.

"उपासाले जागरण लागतेच ना!" त्यांनी उलट मलाच दरडावलं. "झोपून केलेला उपास देवाले चालत नाई, तुह्या मशीनले कसा चालन?"

मी तालुक्याच्या दवाखान्यात रक्त काढते आणि गिरजाबाई माझ्या शेजारीण. धान कापताना त्यांच्या पायाच्या बोटाला विळा लागला. जखम भरायचं नाव घेईना, साखर उतरायचं नाव घेईना. एका रात्रीच्या जागरणानं माणूस एवढा खंगत नाही, हे मला दिसत होतं.

डॉक्टरांनी समजावलं, "झोप नसली की साखर चढते, बाई. जंतूंशी लढणाऱ्या पेशी थकतात. असंच चाललं तर बोट कापावं लागेल."

"कापा! नऊ राह्यतात."

डॉक्टरांनी हात टेकले. बाईंपुढे भलेभले टेकतात.

शेवटी मीच चिडले. "रोज रातभर करता तरी काय?"

"बसते. सुनंदा डंपर चालवून राह्यली ना."

सुनंदा त्यांची एकुलती एक. सूरजागडच्या खाणीत तिची रात्रपाळी. पोरीला डुलकी लागेल, गाडी दरीत घालेल, असं गाव म्हणालं, तेव्हा बाईंनी अख्खं गाव शिंगावर घेतलं होतं. मला वाटलं, ही बाई कशालाच भीत नाही.

"मी झोपली तं माही झोप तिच्या डोळ्यावर जाऊन बसन," त्या हळूच म्हणाल्या. "मंग?"

मी सरळ सुनंदाला फोन लावला. ती सुट्टी काढून आली, पुढे दिवसपाळी मागते म्हणाली.

आठवड्यानं भरदुपारी मी जेवणानंतरची साखर बघायला सुई घेऊन बाईंच्या घरी गेले. चटईवर मायलेकी गाढ झोपलेल्या. लेकीच्या ओढणीचं टोक बाईंच्या मुठीत. पायाची जखम पहिल्यांदाच सुकलेली दिसली. मी पाय न वाजवता परत फिरले.

दुसऱ्या दिवशी साखर चक्क उतरली होती.

"काल काऊन नाई आली रक्त घ्याले?" बाईंनी जाब विचारला.

"आली होती. तुम्ही झोपल्या होत्या."

"मी? खोटं नोको बोलू. डोळे मिटून पोरीले राखून राह्यली होती."