ढगेमामा आणि बासष्ट घरं

चार माणसं एकत्र बसलेली दिसली, की ढगेमामा त्यांचं नेटवर्क करायला घेतात.

आमच्या कंपनीच्या बसमध्ये बावन्न सीट आहेत. भोसरीच्या स्टॉपवर मामा चढतात, मागपर्यंत एक नजर फिरवतात आणि माझ्या शेजारी टेकत म्हणतात, "बावन्न म्हंजे चौसष्टचा डबा घ्यावा लागंल, सर. दोन बाद, बासष्ट. दहा जागा वाया चालल्यात." उभ्यानं प्रवास करणारे बिचारे त्या दहा जागा शोधत राहतात.

एका लग्नात तर त्यांनी यजमानांनाच गाठलं. "पंगतीला तीस पानं मांडा. तीस म्हंजे बरोब्बर सत्तावीसचं नेटवर्क बसतंय." यजमानांच्या डोक्यात शेवटचा आकडा राहिला. त्यांनी सत्तावीस पानं मांडली आणि नवरदेवाकडचे तिघं उभे राहिले.

मामा चाकणच्या आमच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन. मूळचे परभणीकडचे. उभी हयात त्यांचा एकच सिद्धांत होता : "करंट असतो, न्हाई तर नसतो. तिसरं काय नसतंय." मग नवी मशिन्स आली. प्रत्येकीला एक स्क्रीन, एक केबल आणि एक आयपी. मामांचा टेस्टर त्या केबलला लागेना. आठवडाभर ते मशिनभोवती गप्प फिरले आणि मग माझ्याकडे आले. मी कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळतो.

"सर, तेवढं आयपी शिकवा. निवृत्तीला तीन वर्षं हायत, पण शिकवा."

जेवणाच्या सुट्टीत पॅनेल रूममध्ये आमची शाळा भरू लागली. मी सांगितलं, "आयपी म्हणजे मशिनचा पत्ता. पत्त्याचा पुढचा भाग गल्ली, मागचा घर. गल्ली कुठं संपते आणि घर कुठं सुरू होतं, हे मास्क सांगतो. मोठ्या गल्लीच्या छोट्या गल्ल्या पाडायच्या, त्याला सबनेटिंग म्हणायचं."

"आमच्या भोसरीत तेच झालंय की," मामा म्हणाले.

पत्ता बत्तीस बिटांचा, म्हणजे शून्य-एकच्या बत्तीस खणांचा. त्यातले सव्वीस गल्लीला दिले, तर घरांना सहा उरतात. एकाची सहा वेळा दुप्पट, चौसष्ट. इथवर ठीक होतं. पण पहिला पत्ता गल्लीच्या नावाला आणि शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला राखून ठेवतात, म्हणून घरं बासष्टच, हे ऐकल्यावर मामांनी पोळी खाली ठेवली.

"म्हंजे त्या दोघांना घरच न्हाई?"

"नियम आहे, मामा."

"नियम असंल. पण बरं न्हाई वाटत," म्हणून त्या दिवशी त्यांनी पुढचं काही शिकून घेतलं नाही.

चार महिन्यांत मात्र मामा माझ्या पुढे गेले. दोनशे पानी वहीत निळ्या शाईनं प्रश्न, लाल शाईनं उत्तर. गल्लीला सत्तावीस बिट दिले तर घरं किती, हे मांडायला मी कागद-पेन शोधेपर्यंत त्यांचं "तीस" तोंडी आलेलं असायचं.

एकदा दुपारच्या शिफ्टला एक मशिन मधेच बोलायचं, मधेच मुकं व्हायचं. लाइन थांबली. मशिनवाल्यांचा इंजिनिअर चाकण चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला, आणि मी लॅपटॉप घेऊन घामाघूम. मामांनी शांतपणे त्या मशिनची केबल उपसली आणि म्हणाले, "आता त्याच पत्त्यावर हाक मारा." मारली. उत्तर आलं.

"वायर माझ्या हातात हाय, तरी हा बोलायलाय. म्हंजे बोलणारा दुसराच कुणी हाय."

शेडच्या दुसऱ्या टोकाला सकाळीच बसवलेल्या मशिनला कुणीतरी तोच पत्ता दिलेला निघाला. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर मामांचा हात हातात घेतला. मामा म्हणाले, "सोपं असतंय, साहेब. नीट ऐकावं लागतं."

एका रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी त्यांच्या भोसरीच्या घरी गेलो. बंद दाराआड चहा उकळत असल्याचा वास येत होता. मामी जाऊन सहा वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी, रोहिणी, बंगळुरूला असते आणि हेच नेटवर्किंगचं काम करते, हे मला त्या दिवशी कळलं.

"आधी फोन तिची आईच करायची," मामा कप विसळत म्हणाले. "मी शेजारी बसून ऐकायचो. ती गेल्यावर फोन माझ्याकडं आला. जेवलीस का? जेवले. तुम्ही? जेवलो. झालं. मग दोघं नुसतं फोन धरून बसायचो. ठेव तरी कसं म्हणायचं?"

तेवढ्यात फोन वाजला. मामांनी घाईनं चहाखालचा गॅस बंद केला, हात पुसले, मला बसायची खूण केली आणि स्पीकर लावला.

"अप्पा, आज काय अडलं?"

समोर वही उघडी होती. पानभर लाल शाई, एकही खाडाखोड नाही. मामांनी ती हलकेच मिटली.

"ते सव्वीसचं गं, माय. किती घरं बसतात, डोक्यात शिरंनाच बघ."

मी तोंड उघडलं. मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

पोरगी सांगू लागली. न चिडता, सावकाश, गल्ली आणि घरापासून. मधेच तिच्या ऑफिसमधलं काही निघालं, मधेच तिच्या घरमालकिणीचं मांजर. "आई असती ना, तर हसली असती आपल्याला," ती म्हणाली. पाऊण तास झाला.

"आता कळलं का, अप्पा?"

"थोडं थोडं. चौसष्टपासनं पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं.

मामांनी फोन ठेवला. मग माझ्याकडे वळून जरा संकोचानं म्हणाले, "सर, हे आता फार दिवस चालणार न्हाई. पोरगी हुशार हाय, ओळखंल. याच्याहून अवघड काय असतं का?"

"असतं," मी म्हणालो. "नवा आयपी आलाय. हा बत्तीस बिटांचा, तो एकशे अठ्ठावीसचा."

मामांनी मनातल्या मनात दुप्पट करून पाहिली. ओठ हलत होते. मधेच कुठंतरी त्यांनी मोजणं सोडून दिलं.

"मग पुरंल," ते म्हणाले आणि गार झालेला चहा पुन्हा उकळायला उठले.