बायकोने भरलेली दाढ

दुखणं लपवावं तर माझ्यासारख्याने! पायात खिळा रुतला तरी चेहऱ्यावर आठी नाही. त्यामुळे बायकोच्या परिषदेसाठी परदेशात गेलो आणि ऐन थंडीत माझी डावी दाढ ठणकायला लागली, तेव्हा मी ठरवून टाकलं, बायकोचं भाषण होईपर्यंत ब्र काढायचा नाही!

बायको दातांची डॉक्टर. दहा वर्षांपूर्वी तिनेच ती दाढ भरलेली. भाषणाचा विषय 'टिकाऊ दाढ कशी भरावी', समोर दोनशे डॉक्टर आणि पडद्यावर फोटो माझ्या दाढेचा! सहा महिने बिचारी आरशासमोर पाठ करत होती. आता मी 'दुखतंय' म्हटलं असतं, तर ती तिथे कोणत्या तोंडाने उभी राहिली असती?

बाहेर पडलं की गार वारा थेट दाढेत शिरायचा. मी मफलर नाकापर्यंत गुंडाळला. जेवायचं एका बाजूने आणि बोलायचं फक्त 'हुं'. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

"अहो, रुसलात का?"

"हुं."

"इथे तुम्हाला कुणी विचारत नाही, म्हणून ना?"

"हुं."

"एवढंच ना? बघते मी!"

बघते म्हणजे काय, ते तिसऱ्या दिवशी भर सभेत कळलं. भाषण झकास झालं. मी सुटकेचा निःश्वास टाकतोय, तोवर ही माईकवरून म्हणाली, "आणि ती दाढ आज इथे हजर आहे!"

टाळ्यांच्या कडकडाटात मला व्यासपीठावर नेलं, तिथे मांडलेल्या दात तपासायच्या खुर्चीत आडवं केलं. पहिल्या रांगेतले एक म्हातारे डॉक्टर उठून आले. त्यांनी माझ्या तोंडात डोकावून नळीने गार हवा सोडली.

"आई गं! मेलो!"

माईक चालूच होता. किंकाळी सभागृहभर घुमली. बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हाताऱ्यांनी एकेक दाढ ठोकून पाहिली आणि हसले. "बाई, तुम्ही भरलेली दाढ ठणठणीत आहे. किडलीय ती शेजारची!"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, चला, वाचली हिची अब्रू! मी खुर्चीतून उठायला लागलो.

"कुठे निघालात?" बायकोने हातमोजे चढवले आणि सभेकडे वळून म्हणाली, "आता प्रात्यक्षिक!"

दोनशे खुर्च्या एकदम पुढे सरकल्या. भाषण वीस मिनिटांत आटोपलं होतं. प्रात्यक्षिक मात्र माझ्या तोंडात सव्वा तास चाललं.